रश्श्यात गेलेला चमचा

नेलीला भीती वाटली की हसू यायचं. आता याला कोण काय करणार! आजोबांच्या मयतीला ती ओढणीचं टोक तोंडात कोंबून खुदखुदत होती आणि विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत तीन प्राध्यापकांसमोर उचकी लागेपर्यंत हसली होती. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिच्या प्रोग्रामची पट्टी लालभडक झाली आणि नेली फिस्सकन हसली, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना बरोबर कळलं, की पोरीची पाचावर धारण बसली आहे.

बांडुंग शहरात, खाली कपडे धुण्याचं दुकान आणि वरच्या मजल्यावर हे आठ माणसांचं ऑफिस. धंदा लग्नांचा. नवरानवरीची नावं, मांडवाचा नकाशा, जेवणाची वेळ, सगळं फोनवर पोचवायचं, आणि लग्न लागलं की पाहुण्यांना फोटो टाकायला नि बघायला अल्बम उघडून द्यायचा. हा अल्बम नेलीनं लिहिलेला. सहा महिने घासून, पुसून, लाडानं वाढवलेला. असे सोळा प्रोग्राम एकाच भाड्याच्या मशीनमध्ये राहायचे, प्रत्येक आपापल्या कंटेनरमध्ये बंद. ऑफिसात त्याला सगळे डबा म्हणत. प्रत्येक डब्याला मेमरी ठरवून दिलेली. तेवढ्यात भागवलं तर ठीक, त्यापलीकडे हात पसरला की मशीन आतल्या प्रोग्रामचा तिथल्या तिथे निकाल लावायचं. ना नोटीस, ना सुनावणी.

कोण किती खातं हे मात्र आजवर कुणी मोजलंच नव्हतं. ते मास जुनोनं मोजलं. सोलो गावचा हा माणूस, म्हणून सगळे त्याला मास, म्हणजे दादा, म्हणत. सदऱ्याला कडक इस्त्री आणि आवाज इतका मऊ, की त्यानं चूक दाखवली तरी वाटावं, तब्येतीची विचारपूस करतोय. तीन आठवडे खपून त्यानं एक फलक तयार केला होता. सोळा डबे, सोळा पट्ट्या, प्रत्येकात चालणारा प्रोग्राम आत्ता या क्षणाला किती मेमरी खातोय याचा आकडा. फलक पेटला तशी सगळ्यांनी टाळ्या पिटल्या आणि लगेच ओरडा सुरू झाला, "मेजवानी! मास, मेजवानी!" इकडे ज्याचं काही चांगलं होतं त्यानं बाकीच्यांना जेवू घालायचं, त्यात सुटका नाही. जुनोनं लाजून मान हलवली.

आणि मग ती लाल पट्टी दिसली.

"नऊशे बासष्ट," जुनो हळूच म्हणाला. तो नेलीला नेहमी तेह, म्हणजे ताई, म्हणायचा. "हजार एमबींपैकी. तेह नेली, राग मानू नका हं, पण तुमचा अल्बम जरा... जेवतो."

"जरा?" मालकीणबाई बू एनुंग यांनी साखळीला लटकलेला चष्मा नाकावर चढवला. पूर्वी त्यांचा लग्नपत्रिका छापायचा कारखाना होता. कागदाचा ताव वाया गेला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे, हे त्या स्वतःच कौतुकानं सांगत. "अरे, हा जेवत नाही, हा अख्खी पंगत एकटा उठवतोय!"

"बू, फोटो दाखवायला असं लागतं तरी किती?" नेली म्हणाली. "मी मोजूनमापून लिहिलाय. दोनशेच्या वर जायचं कारणच नाही."

"मग वरचे साडेसातशे काय मांजरानं खाल्ले?"

नेलीला पुन्हा हसू फुटलं.

"हसतेस काय गं?"

"बू, त्या घाबरल्या की हसतात," जुनोनं समजावलं.

"मग आज पुष्कळ हसणार आहे ती," बू म्हणाल्या, आणि त्यांनी मुद्द्याचं बोलून टाकलं. पुढच्या आठवड्यापासून लग्नांचा मोसम. पाहुण्यांच्या हजेरीचा नवा प्रोग्राम मशीनमध्ये बसवायचाच आहे आणि मशीन तर शिगोशीग भरलेलं. म्हणजे एक डबा निघणार. जो सगळ्यात खादाड तो निघणार. आज संध्याकाळी पाचला अल्बमचा डबा बंद, सोमवारपासून बाहेरचा तयार अल्बम घ्यायचा. "आणि नेली, तुझे उमेदवारीचे सहा महिने आजच संपतात ना? कायम केल्याचं पत्र मी टाइप करून ठेवलंय. पण अल्बमच नसला तर तुला कायम करून मी बसवू कुठं, तूच सांग."

बू काही दुष्ट नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या. पण नेली कुठं बसणार हे आधीच ठरलेलं होतं. तिचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ माक उंचू, याची ऑफिसपासून दोन वळणांवर पादांगी खानावळ होती. मिनांग घरात पोरीच्या बाबतीत बापापेक्षा मामाचा शब्द वर. आणि मामानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "सहा महिने देतो. कायम झालीस तर तुझं तू बघ. नाही झालीस तर गुपचूप माझ्या गल्ल्यावर येऊन बसायचं." गल्ल्यावर बसणं वाईट असं नाही. पण नेलीला नको होतं. तिला तिचा अल्बम हवा होता, एवढं साधं आहे.

आता नशिबाची थट्टा बघा. शुक्रवारची नमाज आटोपून पुरुष मंडळी परतली आणि मेजवानी कुठं, तर जुनो म्हणाला, "तेह नेलींच्या मामांकडे! तिथला मेंदूचा रस्सा मला फार आवडतो."

"दुसरीकडे जाऊ या की," नेली खुदखुदत म्हणाली.

"बघा, खूश झाली," कुणीतरी म्हणालं. माणसं म्हणजे अशी.

खानावळीत शिरताशिरताच मामानं तिला गाठलं. गल्ल्यामागे एक नवीकोरी खुर्ची होती, चाकांची, उंच पाठीची, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

"तुझ्यासाठी आणलीय," तो कानात कुजबुजला. "पाठ दुखायची नाही. आज शेवटचा दिवस ना?"

"माक, अजून पाच वाजले नाहीत!"

"वाजतील की," मामा प्रेमानं म्हणाला.

मंडळी बसली. कुणी काही मागवलं नाही, तिथं मागवायचं नसतंच. मासरील नावाचा वाढपी आतून निघाला तो डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत ताटल्यांची उतरंड रचून. पापणी न हलवता त्यानं सगळं टेबल भरून टाकलं. नारळात आटवलेलं रेंदांग, तळलेलं मिरचीतलं मटण, पांढरी कोंबडी, हिरवी चटणी, कसाव्याचा पाला, नळीचा रस्सा, मेंदूचा रस्सा; ताटलीवर ताटली, तिच्यावर पुन्हा ताटली. आवडेल ते खा, राहील ते परत.

"बावीस!" बू एनुंगनी मोजलंच. "नेली, तुझं खानदानच असं दिसतंय. टेबल भरल्याशिवाय यांना चैन नाही. तरीच अल्बम तसा निपजला!"

सगळे खो खो हसले. नेलीही हसली. पण मामाची ती प्लास्टिकमधली खुर्ची तिच्याकडे टक लावून बघत होती.

जेवण रंगात आलं तेव्हा गल्ल्यावरून मामाचा आवाज आला, "मास, मेंदू एक!"

जुनो दचकला. "नाही माक, मी मेंदूला हात लावला नाही. दोन्ही तुकडे आहेत तसे आहेत. फक्त चमचाभर रस्सा घेतला."

"चमचा गेला ना आत?"

"गेला, पण..."

"मग ती ताटली खाल्ली. आता ती दुसऱ्याच्या पुढं ठेवता येते का? तूच सांग. तुकडा राहिला की गेला याच्याशी मला काय करायचंय?" मामा उठून टेबलापाशी आला होता. दोन हात पाठीमागे बांधून त्यानं बावीस ताटल्यांवरून एकदाच नजर फिरवली. "बारा खाल्ल्या. दहा परत. मासरील, उचल."

मासरीलनं दहा ताटल्या हातावर चढवल्या आणि वळून शेजारच्या टेबलावर मांडायला लागला. तिथं नुकतेच चार विद्यार्थी येऊन बसले होते. नेली बघत होती. आत्तापर्यंत तिच्या नाकासमोर असलेलं रेंदांग, तिनं बोटही न लावलेलं, आता दुसऱ्याच्या भातावर चाललं होतं. टेबल अर्धं रिकामं झालं आणि तरी यांच्यापैकी कुणाच्या पोटातला एक घासही कमी झाला नव्हता.

तिचा हात तोंडापाशी तसाच राहिला.

"मास!" ती इतक्या जोरात किंचाळली, की मासरीलच्या हातावरची उतरंड डुगडुगली. "मास, तुमच्या त्या नऊशे बासष्टमध्ये या परत जाणाऱ्या ताटल्या धरल्यात का?"

"कुठल्या ताटल्या?"

"अहो, माझा प्रोग्राम डिस्कवरून फोटो वाचतो! एकदा वाचलेला फोटो मशीन जवळच मेमरीत ठेवून देतं, परत कुणी मागितला तर पटकन द्यायला. ठेवतं कुणाच्या नावावर? माझ्या डब्याच्या! पण ते खाल्लेलं नाहीये मास, ते नुसतं टेबलावर मांडलंय! कुणाला जागा लागली की मशीन उचलणार आणि शेजारच्याला देणार! तुम्ही खाल्लेलं मोजलंत, का मांडलेलं?"

जुनोचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या हातातला चमचा पुन्हा मेंदूच्या रश्श्यात पडला.

"दोन वेळा धरू का?" मामानं विचारलं.

मग जी पळापळ झाली ती काही विचारू नका. नेली पुढं, तिचा हात भातानं आणि हिरव्या चटणीनं माखलेला. मागं जुनो, इस्त्रीच्या सदऱ्यावर रश्श्याचा भलामोठा डाग. त्याच्यामागं बू एनुंग, एका हातात पर्स आणि एका हातात अर्धी कोंबडीची तंगडी, कारण ताटलीतलं टाकून उठणं त्यांच्या रक्तातच नाही. "अगं पण हात तरी धू!" असं त्या दोन वळणं ओरडत होत्या. धोब्याच्या दुकानातली माणसं इस्त्र्या खाली ठेवून जिन्याकडे बघत राहिली. नेली कीबोर्डवर कोसळली आणि तिच्या बोटांनी सगळी अक्षरं हिरवी करून टाकली.

"हिशेब कुठल्या फाइलमधून घेता, मास?"

जुनोनं फाइल उघडली. मशीन प्रत्येक डब्याची सगळी नोंद ठेवतं, अगदी इमानेइतबारे. सगळ्यात वर एकूण बेरीज, आणि तिच्याखाली चाळीसएक ओळी, ज्या कधी कुणी वाचत नाही. जुनोनं वरची बेरीज उचलली होती. आता तो खालच्या ओळी वाचू लागला. वाचता वाचता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. प्रोग्रामनं खरोखर वापरलेलं, दोनशे दहा. वाचून नुसतं जवळ ठेवलेलं, सातशे बावन्न.

तो खुर्चीतून उठला, दोन्ही तळवे जोडून नेलीपुढे वाकला. "तेह, मला माफ करा. मी टेबल मोजलं, पोट मोजलंच नाही."

"मास, असू दे हो, उठा, उठा," नेलीला इतका आनंद झाला होता, की तिनं त्याच्या डाग पडलेल्या बाहीलाच धरून गदागदा हलवलं आणि आता त्या बाहीवर हिरवी चटणीही लागली.

बू एनुंगनी तंगडी संपवून हाड कागदात गुंडाळलं. "हे सगळं मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण माझा शब्दांवर विश्वास नाही. कागदवाला पण म्हणायचा, बू, ताव पूर्ण आहेत, मोजायची गरज नाही. मांडलेलं उचलता येतं म्हणतेस ना? मग माझ्यासमोर उचल. डबा हजारचा आहे तो तीनशेचा करा. आत्ता. चालता चालता."

सगळे पडद्याभोवती गोळा झाले. कारण आत्ता त्या डब्यात गारूतच्या आस्त्री आणि दादांग यांचा अल्बम चालू होता. सकाळी निकाह लागला होता, जेवणावळ उद्या दुपारी. सहाशे पाहुणे फोटो बघत होते. त्यातली एक योयोह मावशी तर नवरीबरोबरचा स्वतःचा एकच फोटो सकाळपासून पुन्हा पुन्हा उघडत होती. डबा आवळल्यावर नेलीचं म्हणणं खरं निघालं तर मांडलेलं उचललं जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. खोटं निघालं तर मशीन अल्बमचा जागच्या जागी जीव घेईल, आणि मग ना अल्बम, ना पत्र. उरणार ती प्लास्टिकमधली खुर्ची.

"मेला तर मेला," बू म्हणाल्या. "बोल, करू?"

नेलीला हसू यायला लागलं. ओठ चावले, गाल चावले, पण कुठलं काय, ते येतच होतं. "हं... हं... हो, करा," ती उचक्या देत म्हणाली.

जुनोनं आज्ञा लिहिली. बोट कळीवर ठेवलं. डोळे मिटले. आणि दाबलं.

नऊशे बासष्ट. आठशे. सातशे चाळीस.

"उतरतंय!"

पाचशे नव्वद. चारशे दहा. आकडे नुसते घसरगुंडीवरून खाली येत होते. तीनशे तीस. तीनशे चार. दोनशे नव्याण्णव. नेलीनं जुनोच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती. पट्टी एक क्षण पांढरी झाली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती हिरवी होऊन परत आली. हिरवीगार! खाली बारीक अक्षरात आलं, योयोह मावशीनं फोटो उघडला.

"जिवंत आहे! मावशी जिवंत आहे!" जुनो ओरडला. गेल्या तीन वर्षांत त्याचा आवाज एवढा वर गेलेला कुणी ऐकला नव्हता. मग काय, कुणी टेबलावर ताल धरला, कुणी कचऱ्याची बादली बडवली, हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी चक्क कंबर हलवून दोन पावलं टाकली, आणि खालून धोब्यानं ओरडून विचारलं की वर भिंत पडली का. बू एनुंगनी हसत हसत पर्समधून पत्र काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"दे गं टेबल पुसून. या चटणीवर कुठं सही करू?"

नेली टेबल पुसायला वळली. वळता वळता तिची नजर पडद्यावर गेली. जुनोनं आता दोन आकडे वेगवेगळे दाखवायला घेतले होते. एक मांडलेलं, एक खाल्लेलं. खाल्लेलं, दोनशे बारा.

मघाशी दोनशे दहा होतं.

ती बघत राहिली. मागं बादली वाजत होती. योयोह मावशीनं पुन्हा फोटो उघडला. गारूतचा कुणी काका आला, त्यानं दहा-बारा फोटो उघडले आणि निघून गेला. तो गेला, पण त्याच्या नावचं थोडंसं राहिलंच. दोनशे तेरा. कुणी परत करत नव्हतं, कुणी उचलत नव्हतं, कारण हे मांडलेलं नव्हतं. ही तिची स्वतःची चूक होती. उघडलेल्या प्रत्येक फोटोची एक चिमुकली प्रत तिचा प्रोग्राम हातात धरून ठेवत होता आणि सोडायचं विसरत होता. दर मंगळवारी नवी सुधारणा टाकताना डबा बंद करून चालू व्हायचा, हातातलं सगळं झटकलं जायचं, म्हणून हे कधी दिसलं नाही. आणि त्या सातशे बावन्नच्या पसाऱ्यात एक चमचा रस्सा कुणाला दिसणार होता?

आत्ताही कुणाला दिसत नव्हता. आठ माणसांत फक्त तिला. बूचं पेन कागदावर टेकलं होतं. गप्प बसावं. सही होऊ द्यावी. दोन तासांनी गुपचूप दुरुस्त करावं, कोण विचारतंय? तिनं हा विचार केला, अगदी पुरता केला, खोटं कशाला बोला. आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला प्रचंड भीती वाटतेय आणि हसू मात्र येत नाहीये.

"बू, पेन ठेवा," ती म्हणाली.

बादली थांबली.

"अल्बम खादाड नाही, हे खरं. पण तो रस्सा घेतोय. थोडा थोडा, चमच्या चमच्यानं. हे बघा, दोनशे दहा होते, आता तेरा झाले. तो परत देत नाही. तीनशेच्या डब्यात तो उद्या दुपारी, ऐन पंगतीत मरेल. ही मास जुनोंची चूक नाही. माझी आहे."

बू एनुंगनी चष्मा वर केला, पडद्यापाशी गेल्या, आकडा बघितला. दोनशे चौदा झाला.

"दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"दोन तास. कदाचित तीन."

"पाचाला अडीच तास आहेत." बू खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसल्या. "टोपण मी लावत नाही. शाई वाळायच्या आत आटप."

जुनो दुसऱ्या बाजूला बसला. नेलीनं हात धुतला, शेवटी एकदाचा. मग ती आपल्याच लिहिलेल्या ओळींमधून चालत गेली, दिवा घेऊन घरात चोर शोधावा तशी. चोर सापडला पावणेपाचला, आणि होता केवढा? एक ओळ. घेतलेली प्रत परत ठेवायची एक ओळ ती लिहायलाच विसरली होती. तिनं ती लिहिली. डबा नव्यानं चालू केला. मग तिघंही नाक पडद्याला लावून बसली. एकशे नव्वद. योयोह मावशी आली. एकशे नव्वद. काका आला, त्याच्या मागोमाग सगळी गारूतची भावकी आली, अख्खं गाव फोटो बघून गेलं. एकशे नव्वद. पट्टी हलेना.

"या मावशीला उद्या मी फुलं पाठवणार आहे," बू म्हणाल्या आणि सही केली. मग कागद लगेच हातात न देता त्या म्हणाल्या, "कारखान्यात माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं माणसं होती. ताव कमी पडला तर सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. स्वतःहून येऊन सांगणारं एक नाही भेटलं." आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसला.

मग अर्थातच ओरडा झाला. "मेजवानी! तेह नेली, मेजवानी!"

त्यामुळे सूर्य कलताना तीच वरात त्याच खानावळीत परत. मामा गल्ल्यामागे उभा होता. त्यानं खुर्चीचं प्लास्टिक काढून ठेवलं होतं, फडक्यानं चाकंसुद्धा पुसली होती. नेलीनं पत्र पुढं केलं. मामानं ते दोनदा वाचलं. त्याचा चेहरा इतका पडला, की नेलीला त्याला मिठीच मारावीशी वाटली.

"मग या खुर्चीचं काय?" तो म्हणाला. "तुझ्यासारखं मोजणारं माणूस मला कुठं मिळणार आता? बाकीचे सगळे रस्सा सोडून देतात."

"माक, तिनंही आज सोडला नाही," जुनो मध्येच बोलला, आणि त्यानं सगळी हकिगत सांगितली. पेन कागदावर टेकलं होतं इथपासून. तिनं कसं ठेवायला लावलं इथपर्यंत. मामा ऐकत राहिला. मध्येच तो वळला, गल्ल्याच्या खणात उगाचच काहीतरी शोधलं, खण बंद केला.

"सही होत होती?"

"होत होती."

"आणि कुणाला दिसलं नव्हतं?"

"कुणालाच नाही."

"हं," मामा म्हणाला. मग त्यानं खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "मास, ही घेऊन जा. तुमच्या ऑफिसात ठेवा. मोजायला बसणार तर माझ्या खुर्चीत बसेल. आणि तुम्ही जेवा आता, गार होतंय. मेंदूच्या रश्श्यात चमचा घाला खुशाल, आज धरत नाही!" थोडं थांबून तो म्हणाला, "एकदाच हं."

जेवून झाल्यावर खुर्ची नेण्याचा प्रश्न आला. दोनच वळणं, पण बू म्हणाल्या चाकं रस्त्यावर झिजतील. म्हणून तिघांनी मिळून ती हिरव्या सहाआसनी गाडीत चढवली. गाडीवाल्यानं आरशातून बघितलं.

"खुर्चीनं दोन माणसांची जागा अडवलीय. दोन माणसांचे पैसे होतील."

"दादा, ती बसलेली नाहीये," जुनो आपल्या मऊ आवाजात समजावू लागला. "ती नुसती ठेवलीय. कुणी प्रवासी आला की आम्ही लगेच उचलतो. जागा अडवणं वेगळं आणि खाणं वेगळं. मी आज दिवसभर हेच शिकलो."

"अडवली ती अडवली," गाडीवाला म्हणाला. "उचलून ठेवणार कुठं, माझ्या डोक्यावर?"

"बरोबर बोलतोय तो," बू एनुंगनी मान डोलवली.

नेली सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली, पाय वर घेतले, पत्र मांडीवर धरलं. "आता बसलेली आहे," ती म्हणाली. "धरा, दादा."

गाडी सुरू झाली. पहिल्याच वळणावर खुर्ची चाकांवरून सुळकन दाराकडे गेली, जुनोनं पाठ धरली, बूंनी पाय धरला, नेली गर्रकन फिरली आणि जी हसत सुटली ती थांबेचना.

"आता काय झालं?" जुनो घाबरून ओरडला. "तेह, घाबरलात का?"

"नाही!" नेली डोळे पुसत म्हणाली. "अजिबात नाही!"